सक्तीच्या स्थलांतराचा मतदानावर पुढच्या पिढ्यांपर्यंत परिणाम राहतो का?

राहतो, पण तो कायम एकाच दिशेने जातो असं नाही. फाळणीचंच बघा. पश्चिम पंजाबातून दिल्लीत आलेल्यांचा मोठा भाग जनसंघाकडे (भाजपच्या आधीचा पक्ष) वळला. 1967 मध्ये दिल्लीतल्या सातपैकी सहा लोकसभा जागा त्या पक्षाने जिंकल्या. पुढे दिल्लीचे मुख्यमंत्री झालेले मदनलाल खुराणा मूळचे पश्चिम पंजाबातल्या लायलपूरचे.

कोलकात्यात नेमकं उलट. पूर्व बंगालातल्या निर्वासितांनी शहराच्या दक्षिणेला जादवपूरकडच्या पडीक जमिनी ताब्यात घेऊन बांबूच्या झोपड्या ठोकल्या. 1951 मध्ये सरकारने त्या उठवण्याचा कायदा आणला, तेव्हा पाठीशी उभे राहिले डावे. माझ्या मते, घर कोणी हिसकावलं यापेक्षा नवं घर वाचवायला कोण आलं, हे मतपेटीत जास्त दिसलं. जादवपूर अनेक दशकं डाव्यांचा बालेकिल्ला होता. 2011 मध्ये मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य तिथेच पडले. (याच डाव्यांच्या राज्यात 1979 ला सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर निर्वासितांवर गोळीबार झाला, हेही खरं.)

मतुआ या पूर्व बंगालातून आलेल्या दलित हिंदू समाजातल्या उशिरा आलेल्यांची गरज वेगळी होती, नागरिकत्वाच्या कागदाची. भाजपने तेच आश्वासन दिलं आणि 2019 ला पश्चिम बंगालमधली बनगावची लोकसभा जागा घेतली.