यामाहा आरएक्स १०० ला २८ मिमी गळ्याचा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) बसवला, तर रेसमध्ये गाडी जास्त आरपीएमला (मिनिटाला इंजिनचे फेरे) ताकद देईल का?

नुसता कार्बोरेटर बदलून नाही देणार. तुम्ही लिहिलंय की गाडी मातीच्या ट्रॅकवर पळवायची आहे आणि पोर्ट (सिलिंडरमधली हवा आत-बाहेर जायची भोकं), सायलेन्सर कंपनीचेच आहेत. मग तर ती आहे त्याहून सुस्त होईल. हा उद्योग मी स्वतः करून बसलोय.

मित्राच्या आरएक्सला मी हौसेनं २८ चा कार्बोरेटर चढवला होता. गॅरेजसमोर उभ्या गाडीला रेस दिली की काय आवाज यायचा! ट्रॅकवर मात्र वळणातून बाहेर पडताना मूठ पिळली की गाडी भॉऽऽ करून घुटमळायची, मग अचानक उचलायची. तोवर पुढचं वळण आलेलं असायचं. बिचारा क्लच अर्धा दाबून इंजिन चढतं ठेवायला बघत होता. तिसऱ्या लॅपला क्लच प्लेटचा करपट वास आला आणि गाडी आत घेतली.

असं का होतं ते बघा. कार्बोरेटरच्या गळ्यातून हवा जोरात गेली की तिथला दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, वर ओढलं जातं. कंपनीच्या २० मिमीचं २८ केलं तर वाटतं, आठ मिमीचाच तर फरक. पण भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर जातं, ४०० विरुद्ध ७८४, म्हणजे जवळपास दुप्पट. पाच हजार आरपीएमला इंजिन हवा तेवढीच पिणार, त्यामुळे गळ्यातला वेग निम्मा. आणि ओढ वेगाच्या वर्गावर असते, म्हणून ती उरते पाव. एवढ्याशा ओढीवर पेट्रोलचा फवारा होत नाही, थेंब पडतात. गळ्यात मुठीबरोबर वर-खाली होणारी स्लाइड अर्धी उघडी असेपर्यंत ती वाट अरुंद ठेवते म्हणून निभतं, पण रेसमध्ये मूठ हळूहळू कोण पिळतो?

ट्यूनिंगवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे: इंजिनचे लिटर गुणिले सर्वाधिक ताकदीचे आरपीएम, त्याचं वर्गमूळ काढा आणि ०.६५ ते ०.९ मधल्या एखाद्या आकड्यानं गुणा. उत्तर येतं मिमीमध्ये. आरएक्सचं इंजिन ०.०९८ लिटरचं, ११ बीएचपी ७,५०० आरपीएमला. वर्गमूळ साधारण २७, गुणिले ०.७५, म्हणजे २० मिमी. कंपनीनं २० चाच मिकुनी कार्बोरेटर दिलाय, उगाच नाही. हाच ०.७५ धरून २८ वरून उलटं या, आरपीएम येतात १४ हजार! ०.९ धरला तरी ९,९०० च्या आसपास. तुमचं इंजिन तिथे पोचणारच नाही, कारण आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकमध्ये कुठल्या आरपीएमला दम येणार हे पोर्ट किती वेळ उघडे राहतात आणि एक्झॉस्टमधली लाट किती वेळानं परत येते यावर ठरतं. कार्बोरेटर फक्त वाट अडवतो किंवा मोकळी करतो. लहान असेल तर वरच्या आरपीएमला इंजिन गुदमरतं, हे खरंच. पण आधी तिथे दम हवा ना!

आणखी एक, ज्याकडे पोरांचं लक्षच नसतं: आरएक्सला गिअर चारच. वरचा गिअर टाकला की आरपीएम चांगलेच खाली पडतात. ताकदीचा पट्टा अरुंद केलात तर प्रत्येक गिअरला त्यातून बाहेर पडाल. सरळ रस्त्यावरच्या ड्रॅग रेसला हे एकवेळ खपतं, वळणावळणाच्या ट्रॅकवर नाही.

म्हणून आधी पोर्टिंग (पोर्टचा आकार बदलणं) आणि एक्स्पान्शन चेंबर (ती लाट वेळेवर परत पाठवणारा फुगीर एक्झॉस्ट) करा, गाडी कुठे जोर धरते ते बघा आणि मगच कार्बोरेटर निवडा. साडेनऊ हजार आरपीएमचा सेटअप झाला तर वरच्या हिशेबात ०.८ नं २४ मिमी येतो. मित्राच्या गाडीला शेवटी मी तोच लावला. मॅनिफोल्डचं (कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या नळीचं) भोकही तेवढंच करून घ्या, नाहीतर पुढे २४ आणि मागे बारीक नळी, पैसे वाया. मेन जेट, म्हणजे पेट्रोलचं मुख्य छिद्र, मोठ्यापासून सुरू करून खाली या. मूठ पूर्ण पिळलेली असतानाच इंजिन बंद करून, क्लच दाबून थांबा आणि प्लग काढून बघा: तपकिरी असेल तर ठीक, पांढरा दिसला तर तशीच पळवू नका, पिस्टन जाम होईल.

चेंबर कुठल्या मापाचं बनवताय ते लिहा, मग जेटच्या नंबरांचं बोलू.