पॅलेटवर शिक्का आहे, पण पाचरांवर?

तुमची अडचण वाचली. बेळगावच्या उद्यमबागेतून कास्टिंग (ओतीव भाग) अमेरिकेला गेली, पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींवर, शिक्के होते, फ्युमिगेशनचं (वायूनं कीड मारल्याचं) सर्टिफिकेट होतं, तरी ‘लाकूड नियमात बसत नाही’ म्हणून कंटेनर तिकडच्या बंदरात अडकला. आणि इथला एजंट म्हणतोय, नवीन सर्टिफिकेट करून पाठवूया. हे दुखणं आम्हीही काढलंय, म्हणून आधी एवढंच सांगतो: त्या नव्या सर्टिफिकेटवर एक रुपयाही घालू नका.

आयएसपीएम १५ म्हणजे लाकडी पॅकेजिंगमधून कीड देशोदेशी जाऊ नये म्हणून केलेला आंतरराष्ट्रीय नियम. त्यात लाकडावर प्रक्रिया झाल्याचा पुरावा म्हणजे लाकडावरचा शिक्का. कागद किती का असेनात, तिकडचा तपासनीस दार उघडून टॉर्च मारतो आणि लाकूड बघतो. त्याला बिनशिक्क्याचं लाकूड दिसलं की विषय संपला.

आता ते कुठलं लाकूड असेल? तुम्ही पॅलेटचे फोटो टाकलेत, त्यात शिक्के दोन समोरासमोरच्या बाजूंना स्पष्ट आहेत, आयएन (भारत) आणि कोड आहे, खाली एचटी, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया, आहे. पॅलेट ठीक दिसतात. माझा संशय पाचरांवर आहे. कास्टिंगचा जड माल कंटेनरमध्ये सरकू नये म्हणून शेवटच्या घटकेला खाली गुटके ठोकतात, बाजूला आडवे टेकू लावतात. हे लाकूड कुठून येतं? मेस्त्रीच्या कोपऱ्यातल्या ढिगातून, किंवा जवळच्या वखारीतून आणलेल्या आंबा, निलगिरी, सिल्व्हर ओकच्या तुकड्यांतून. हमालांना घाई असते, गाडीवाला हॉर्न मारत असतो, आणि पन्नास चांगल्या पॅलेटच्या मध्ये चार कच्चे गुटके जाऊन बसतात. नियमाच्या दृष्टीनं ते गुटकेही पॅकेजिंगच, त्यांना पॅलेटइतकाच नियम लागू आहे.

इथं अजून एक बारकावा आहे, तो कुणी सांगत नाही. शिक्का असलेली लांब पट्टी विकत आणली आणि मेस्त्रीनं तिचे फूट-फूट तुकडे केले, तर शिक्का एकाच तुकड्यावर राहतो, बाकीचे कोरे. म्हणून टेकूचं लाकूड घेतानाच पूर्ण लांबीभर थोड्या थोड्या अंतरावर शिक्के मारलेलं मागा. ज्या तुकड्यावर पूर्ण शिक्का येत नाही (चिन्ह, देश, कोड, प्रक्रिया, सगळं), तो वापरायचाच नाही. अर्धा शिक्का म्हणजे शिक्का नाही. आणि हातानं लिहून पूर्ण करायचं तर चालतच नाही. शिक्का मारण्याचा अधिकार फक्त मान्यताप्राप्त प्रक्रिया करणाऱ्याला आहे.

आम्ही ज्या ऑफिसकडे हे विचारायला गेलो, तिथं दर वेळी एकच उत्तर: ‘सर्टिफिकेट दिलंय ना, मग काय?’ पाचरांचा प्रश्न त्यांनी ऐकूनच घेतला नाही. फाइलवर सही झाली की त्यांची जबाबदारी संपते. डेमरेज, म्हणजे बंदरात अडकलेल्या मालाचं भाडं, भरतो तो कारखानदार. याचा राग अजून जात नाही, कारण सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती.

माझं स्पष्ट मत: शक्य असेल तिथं कच्चं लाकूड कंटेनरमध्ये घालूच नका. प्लायवूडचे थर चिकटवून केलेले ठोकळे, लोखंडी अँगल, स्ट्रॅप, एअर बॅग यांनी बहुतेक काम भागतं. गोंद, उष्णता आणि दाब वापरून केलेलं प्लायवूड नियमातून सुटलेलं आहे, ६ मिमी किंवा त्याहून पातळ लाकूडही सुटलंय. पण प्लायवूडच्या पेटीखाली पाइनचे रनर (तळाचे आडवे दांडे) लावले, की त्या रनरवर शिक्का हवाच. ‘पेटी प्लायची आहे’ म्हणून बिनधास्त राहणारे पुष्कळ बघितलेत.

तुमच्याकडे एचटी आहे, तर कंत्राटदाराकडून नुसता शिक्का नको, तापमानाचा ग्राफ मागा. ५६ अंश सेल्सिअस सलग ३० मिनिटं हे लाकडाच्या गाभ्यात मिळायला हवं, नुसतं भट्टीतल्या हवेत नव्हे. सेन्सर सगळ्यात जाड तुकड्यात भोक पाडून बसवलेला हवा. चार इंची रनरला फळीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. सेन्सर पातळ फळीत ठेवला तर ग्राफ सुंदर येतो आणि रनर आतून थंड राहतो.

मिथाइल ब्रोमाइड (फ्युमिगेशनचा वायू) वापरणाऱ्यांसाठी: तापमान २१ अंश किंवा वर असेल तर प्रति घनमीटर ४८ ग्रॅम, १६ ते २०.९ मध्ये ५६, १० ते १५.९ मध्ये ६४, आणि किमान २४ तास. तापमान म्हणजे हवा आणि लाकूड यांपैकी जे कमी ते. बेळगावात डिसेंबरच्या पहाटे १४-१५ अंशांपर्यंत उतरतं, तेव्हा दुपारच्या उन्हावर ४८ चा डोस धरणं चूक. दुसरं, माल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला असेल आणि लाकूड त्यात झाकलं गेलं असेल, तर वायू पोहोचतच नाही. ज्याची सगळ्यात छोटी बाजू २० सेंमीपेक्षा जाड आहे, असं लाकूड या पद्धतीत चालत नाही.

साल बघा. फळीच्या कडेला राहिलेला सालीचा पट्टा ३ सेंमीपेक्षा कमी रुंद असेल तर लांबी कितीही चालते. त्याहून रुंद असेल तर सालीच्या त्या तुकड्याचं क्षेत्रफळ ५० चौसेंमीपेक्षा कमी हवं. टेप लावून मोजा, शंका आली की पटाशीनं काढून टाका. पण वायूची प्रक्रिया असेल तर साल आधीच निघालेली हवी, नंतर काढून उपयोग नाही.

पॅलेटची एखादी फळी बदलली तर नवी फळीही प्रक्रिया आणि शिक्का असलेली हवी. एक तृतीयांशापेक्षा जास्त बदललं तर जुने शिक्के घासून किंवा रंगवून मिटवायचे, सगळं परत प्रक्रियेला टाकायचं आणि नव्यानं शिक्का मारून घ्यायचा. शिक्क्याला लाल किंवा केशरी रंग टाळा.

सध्याच्या कंटेनरचं: अमेरिकेत असं लाकूड परत पाठवायला लावतात, तिथं फ्युमिगेशन करून सुटका होत नाही. माल आणि लाकूड वेगळं करायची परवानगी मिळते का, हे आजच तिथल्या कस्टम ब्रोकरमार्फत लेखी विचारा. मिळाली तर फक्त लाकूड जाईल. दंड पहिल्याच खेपेलाही लागू शकतो, २०१७ च्या नोव्हेंबरपासून तशी पद्धत आहे. मी वकील नाही, रकमेचं ब्रोकरकडूनच कळेल.

पुढच्या वेळी दार बंद करण्याआधी आतले फोटो काढा, गुटक्यांच्या शिक्क्यांसकट. आणि हो, एचटी म्हणजे वाळवणं नव्हे. आपल्याकडच्या पावसात ओलं लाकूड पॅक केलं तर मशीनिंग केलेल्या पृष्ठभागावर गंज येतो. मीटर लावून ओलावा २० टक्क्यांच्या आत आहे ना बघा, आणि लाकूड व कास्टिंगमध्ये प्लॅस्टिक शीट घाला.