मशरूम कोरल आकसलंय आणि पांढरे दोरे सोडतंय, मेलं का?

तुम्ही लिहिलंय की चार दिवसांपासून खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं मशरूम (म्हणजे मशरूम कोरल, दगडाला धरून राहणारा मऊ, चकतीसारखा समुद्री प्राणी) नाण्याएवढं होऊन बसलंय, तोंडातून पांढरे दोरे आलेत, आणि आता टँकमध्ये काय टाकू? आधी उत्तर देतो: काहीही टाकू नका.

मेलेलं मशरूम असं आकसून बसत नाही, ते विरघळतं. शेंबडासारखा चिकट गोळा होतो आणि नाकाजवळ नेला तर सडक्या मासळीचा वास येतो. तसं झालं असेल तर नळीने ओढून लगेच बाहेर काढा, नाहीतर बाकीचं पाणीही नासेल. पण हळूच बोट लावल्यावर ते आणखी आखडत असेल आणि बूड दगडाला धरून असेल, तर जिवंत आहे. (बोट एकदाच लावा. दर तासाला ‘आहे का अजून’ म्हणून टोचत राहणं हाही त्याला त्रासच.)

ते दोरे म्हणजे किडे नव्हेत. मशरूमच्या पोटात पडदे असतात, त्यांच्या कडेला हे तंतू असतात. अन्न पचवणं हे त्यांचं रोजचं काम. पण त्यांत दंशपेशीही असतात, म्हणून कोणी छेडलं की तेच हत्यार म्हणून बाहेर येतात. शेजारचं कोरल टेकत असेल, एखादा मासा किंवा खेकडा कुरतडत असेल, किंवा पाण्यात एकदम बदल झाला असेल. कारण दूर झालं की बहुतेक वेळा तंतू आत ओढून घेतले जातात. चिमट्याने उपटू नका, ते त्याचं पोट आहे.

आता रात्री, दिवे बंद झाल्यावर आकसलं तर त्यात काळजीचं काही नाही. दिवसाही आकसलेलं राहतंय तर गेल्या दहा दिवसांत तुम्ही काय बदललं ते आठवा. नवा एलईडी? मशरूमला मंद उजेड चालतो. प्रखर दिव्याखाली ते आखडतं आणि फिकट पडतं. उजेड फारच कमी पडला तर उलट होतं, देठ लांबवून नरसाळ्यासारखं वर ताणतं. पंपाची धार थेट अंगावर येत असेल तरी ते उघडत नाही.

दिवा आणि पंप जागच्या जागी असतील तर माझा संशय सॅलिनिटीवर, म्हणजे पाण्याच्या खारेपणावर (खाली तो विशिष्ट गुरुत्वाच्या आकड्यात दिलाय). मी पुण्यात राहतो. एका मे महिन्यात पाणी ३० अंशांवर गेलं म्हणून टँकवर टेबलफॅन लावला. माठाचंच तत्त्व, कोरड्या हवेत छान चालतं, मुंबई-कोकणच्या दमट हवेत तेवढं नाही. तापमान उतरलं, पण बाष्प होऊन उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. रोजचं आरओ पाणी भरायला मी दोन-चार दिवस आळस केला आणि सॅलिनिटी १.०२५ वरून १.०२९ वर गेली. माझं ऱ्होडॅक्टिस (मशरूम कोरलचाच एक प्रकार) आकसलं, दोरे आले, अगदी तुमच्यासारखं. इथपर्यंत ते वाचलं असतं. मी घाबरून एका संध्याकाळी बादलीभर आरओ ओतून आकडा परत १.०२५ वर आणला, आणि तिसऱ्या दिवशी ते विरघळलं. चढ त्याने सोसला होता, उतार मी एका तासात लादला. म्हणून दुरुस्ती दिवसाला ०.००१ पेक्षा जास्त नको, मग चार दिवस लागले तरी चालेल.

मोजताना सुई हलणाऱ्या प्लॅस्टिकच्या हायड्रोमीटरवर विसंबू नका, त्यावर बुडबुडा चिकटला की आकडा खोटा. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारं उपकरण) वापरा, आणि तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या.

आणखी एक. पाणी ‘काचेसारखं स्वच्छ’ करायच्या नादात नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणले असतील तर तेही कारण असू शकतं. मशरूमला किंचित मळकं पाणी मानवतं. नायट्रेट पाच-दहा पीपीएम असलं तरी बिघडत नाही. जवळ लेदर कोरल (चामड्यासारखं दिसणारं मऊ कोरल) असेल तर ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी लावा, ती मंडळी पाण्यात रसायनं सोडतात.

दगड सोडून तरंगायला लागलं तरी हाय खाऊ नका. जागा आवडली नाही की मशरूम असं करतं. एका वाटीत मेलेल्या, दगडासारख्या कोरलचे बारीक तुकडे घाला, त्यावर ते ठेवा, वर जाळी बांधा आणि कमी प्रवाहाच्या कोपऱ्यात ठेवा. आठवड्या-दोन आठवड्यांत एखादा तुकडा धरतं. जुन्या दगडाकडेही बघत राहा: बुडाचा कण मागे राहिला असेल तर तिथून नवं पिल्लू फुटतं.

सॅलिनिटी, तापमान आणि नायट्रेटचे आकडे मोजून कळवा. पाणी बदलायचं की नाही, ते मग बघू.