तुझं काम चुकलं तर कुणाला कळेल?

बाळा,

इंटर्नशिपसाठी तू पाठवलेली दोन्ही ठिकाणची माहिती वाचली. एकीकडे मोठ्या औषध कंपनीचं नाव, पण एजन्सीमार्फत, फी भरून. दुसरीकडे चिकलठाणा एमआयडीसीतली पाणी-सांडपाणी तपासणारी छोटी लॅब, तिचं नाव तुझ्या वर्गात कुणी ऐकलेलं नाही. सीव्हीवर काय बरं दिसेल, असं तू विचारतेस. ते सोड. दोन्हीकडे एकच गोष्ट तपास : माझं काम चुकलं तर कुणाला कळेल का?

कंपनीत नाही कळणार. औषधांच्या क्यूसीत, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या विभागात, रीतसर ट्रेनिंग आणि त्याची नोंद झाल्याशिवाय कुणालाही बॅचच्या सॅम्पलला हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तुला एसओपी, म्हणजे कामाच्या ठरलेल्या पद्धतीची कागदपत्रं, वाचायला देतील, औषधातले घटक वेगळे करून मोजणारं एचपीएलसी यंत्र लांबून दाखवतील. ४ क्रेडिट्स, १२० तास, सही, शिक्का. संपलं.

आता लॅबचं बघ. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचा आकडा. त्याचा नमुना २७ अंशांना तीन दिवस ठेवायचा. तिसरा दिवस रविवार आला तर रविवारी जायचं, जीवाणू सुट्टी पाळत नाहीत. त्याआधी नमुना किती पातळ करायचा ते ठरवावं लागतं. कमी पातळ केला तर बाटलीतला ऑक्सिजन संपून जातो, जास्त केला तर फरकच दिसत नाही, आणि दोन्ही वेळा तीन दिवस वाया. हा अंदाज पुस्तकातून येत नाही. सांडपाण्याचा वास, रंग, सीओडीचा (तीच घाण रसायनाने जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचा) आकडा बघत बघत तो हाताला लागतो. आणि नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला लिटरमागे ३० मिलिग्रॅम बीओडीची मर्यादा असताना तू २८ लिहिलंस की ३४, यावर एखाद्या कारखान्याचं पुढचं सगळं ठरतं. सही लॅबच्या माणसाची असेल, म्हणून तो तुझं प्रत्येक रीडिंग तपासेल, ओरडेलही. ओरडू दे. तुझं चुकलेलं कुणाला तरी कळतंय.

आमच्या वेळी एमएस्सीला असं काही नव्हतंच. प्रॅक्टिकलचं उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक, ब्युरेटचं रीडिंग त्याला जुळवून लिहिलं जायचं. उत्तर कुणालाच माहीत नाही असा एक नमुना त्या दोन वर्षांत कुणी माझ्या हातात दिला असता, तर मी वेगळी केमिस्ट झाले असते. ती खंत अजून जात नाही.

म्हणूनच मी क्यूसीत नोकरीला असताना, इंटर्नशिपला न आलेल्या मुलांच्या उपस्थितीवर मी कधी सही केली नाही. पालकांचे फोन आले, वरिष्ठांनी समजावलं, ‘मुलांचं वर्ष बुडेल, बाई’ असंही ऐकवलं. कडक म्हणून नाव झालं, ते झालंच. जी मुलं रोज येऊन माझ्यासमोर पिपेट कॅलिब्रेट करत बसायची, १० मिली पाण्याचं वजन १० ग्रॅमपेक्षा किंचित कमी का भरतं यावर डोकं खाजवायची, त्यांना दिलेल्या सहीची किंमत मी का घालवू? आजही घालवणार नाही.

स्टायपेंड नाही हे मात्र मलाही पटत नाही. निदान जाण्यायेण्याचा खर्च माग, लाजू नकोस. आणि तुझ्याकडूनच फी घेणाऱ्या एजन्सीला सरळ नाही म्हण. काम देणारा पैसे मागत नाही.

संशोधनाची ओढ असेल तर तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपला पुढच्या वेळी जरूर अर्ज कर. दोन महिने एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम असतं. तिथेही नाव बघून गाईड निवडू नकोस. तुझा डेटा कोण वाचणार आहे, ते आधी विचार.

सोमवारी त्या लॅबमध्ये जा. इन्चार्जना विचार, ‘सर, माझी रीडिंग्ज कोण तपासणार?’ नाव सांगितलं तर त्याच दिवशी कॉलेजचं पत्र देऊन टाक. ‘त्याची काही गरज नाही’ म्हणाले, तर मला फोन कर, दुसरी लॅब शोधू.