ब्रॉडबँड बंद केल्यानंतर आलेलं बिल: भरण्याआधी हे करा

तुमचा प्रश्न मला असा कळला. पुण्याचं भाड्याचं घर सोडून तुम्ही नाशिकला आलात. निघताना ब्रॉडबँड बंद करायला केबलवाल्याला सांगितलंत आणि राउटर त्याच्या पोराकडे दिलात. आता कंपनीने पुढच्या दोन महिन्यांचं भाडं, राउटरची किंमत आणि मुदतीआधी बंद केल्याचा आकार असं सगळं एका बिलात घालून पाठवलंय. वसुलीवाले फोन करून सिबिल खराब होईल म्हणतात, आणि कटकट नको म्हणून भरून टाकावं का, असं तुम्ही विचारता.

आहे तसं भरू नका. आणि फोनवर भांडणंही आजपासून बंद करा. फोनवर बोललेलं तुमच्या बाजूने कुठेच नोंदवलं जात नाही. एजंट बदलला की तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं.

असे बरेच वाद मी जवळून पाहिलेत. जवळपास प्रत्येकाचा निकाल एकाच गोष्टीवर लागतो: कनेक्शन बंद करायची विनंती तुम्ही कोणत्या तारखेला केली आणि ते तुम्हाला दाखवता येतं का. दोन महिन्यांचं भाडं, उशिराचा दंड, त्यावरचा अठरा टक्के जीएसटी, हे सगळं त्या तारखेला लटकलेलं असतं. कंपनीच्या संगणकात ती तारीख नसेल तर त्यांच्या लेखी तुमचं खातं चालूच होतं. केबलवाल्याला तोंडी सांगितलेलं कंपनीपर्यंत पोचलंच असेल असं नाही, आणि तो नंतर हात वर करतो हेही नेहमीचंच.

म्हणून आधी पुरावा गोळा करा. केबलवाल्याला व्हॉट्सअॅप केला होता का? राउटर देताना फोटो काढला होता का? घरमालकाला घर रिकामं केल्याचा निरोप पाठवला होता का? भाडेकरार कधी संपला? सामान हलवणाऱ्याची पावती आहे का? यातलं प्रत्येक कागदपत्र तुम्ही त्या तारखेनंतर तिथे नव्हता हे दाखवतं. कंपनीकडे वापराची नोंद असते, तीही मागा. घर सोडल्यानंतर एक एमबीसुद्धा वापरला गेला नसेल तर ते त्यांच्याच नोंदीतून दिसेल. मूळ संदेश फोनमधून पुसू नका, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही.

एक गोष्ट आठवून पाहा. बंद करायला सांगितल्यावर कंपनीतून कुणी गोड बोलून ‘एक महिना फुकट घ्या, मग ठरवा’ असं म्हणालं होतं का? त्याला तुम्ही हो म्हणाला असाल तर बंद करण्याची विनंती तिथेच रद्द झाली असं ते धरतात. ‘तात्पुरतं बंद’ आणि ‘कायमचं बंद’ हेही त्यांच्याकडे दोन वेगळे प्रकार असतात. पहिल्यात काही काळाने बिल पुन्हा सुरू होतं. यापुढे जे काही लिहाल त्यात ‘कायमचं’ हा शब्द असू द्या.

आता लेखी तक्रार. कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर किंवा ॲपमध्ये हे पाठवा:

‘माझा ब्रॉडबँड खाते क्रमांक … आहे. दि. … रोजी मी हे कनेक्शन कायमचे बंद करण्याची विनंती केली होती. दि. … रोजी राउटर आपल्या प्रतिनिधीकडे दिला. दोन्हींचे पुरावे सोबत जोडले आहेत. त्यानंतरचे भाडे रु. …, राउटरची किंमत रु. … आणि मुदतपूर्व बंद आकार रु. … या तीनही रकमा मला मान्य नाहीत. विनंतीच्या तारखेपर्यंतचे सुधारित अंतिम बिल द्यावे. मुदतपूर्व आकार कोणत्या अटीनुसार लावला, आणि ती अट मी कधी व कशी मान्य केली, याची प्रत द्यावी. वाद मिटेपर्यंत वसुली थांबवावी व ही रक्कम पतमाहिती कंपन्यांना (सिबिल वगैरे) कळवू नये. या तक्रारीचा डॉकेट नंबर (नोंदणी क्रमांक) कळवावा.’

रकमा वेगवेगळ्या लिहिणं फार महत्त्वाचं आहे. ‘बिल चुकीचं आहे’ एवढंच लिहिलं की उत्तर येतं, ‘तपासलं, बिल बरोबर आहे’. तीन रकमांना तीन कारणं दिलीत की प्रत्येकाचं उत्तर द्यावं लागतं, आणि तिथेच त्यांची गाडी अडते. मुदतपूर्व आकार बहुतेक वेळा सुरुवातीला ‘फुकट’ लावून दिलेल्या जोडणीचा असतो. सहा महिने किंवा वर्षभर राहिलात तर जोडणी मोफत, नाहीतर तिचं शुल्क तुम्ही भरायचं, अशी अट असते. ती अट तुम्हाला आधी दाखवली असेल आणि मुदत खरंच शिल्लक असेल तर तेवढी रक्कम देणं भाग आहे, हे प्रामाणिकपणे सांगते. अटीचा कागदच नसेल तर देऊ नका. विनंतीच्या तारखेपर्यंतचं खरं देणं असेल ते मात्र लगेच भरा आणि ईमेलमध्ये तसं लिहा. स्वतःच्या हिशोबाचे पैसे भरलेल्या माणसाला कुणी बुडवा म्हणू शकत नाही.

डॉकेट नंबर मिळाला की घड्याळ सुरू झालं. ट्राय म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर नियम घालणारी सरकारी संस्था. तिच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक कंपनीत दोन पायऱ्या असतात: आधी तक्रार केंद्र, मग अपिलेट अथॉरिटी, म्हणजे कंपनीतच अपील ऐकणारी वरची पायरी. बिलाच्या तक्रारीला चार ते सहा आठवडे धरा. उत्तर आलंच नाही, किंवा आलं ते पटलं नाही, तर तीस दिवसांच्या आत अपील करा. अपिलाला फी नाही. वेबसाइटवर अपिलेट अथॉरिटीचा ईमेल दिलेला असतो आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. बहुतेक लोक पहिल्या नकारावर थांबतात आणि कंपनीलाही ते ठाऊक असतं. अपिलाच्या पायरीवर माणूस कागद वाचतो, म्हणून तिथे पैसे कमी होताना मी जास्त वेळा पाहिलंय.

ट्रायला थेट लिहून फारसा उपयोग नाही, ते एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाहीत. दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष मात्र आहे, १०६३ वर किंवा केंद्राच्या पीजी पोर्टलवर. ग्राहक हेल्पलाइन १९१५ लाही नोंद करून ठेवा.

अपिलातही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ‘टेलिफोनचे वाद ग्राहक न्यायालयात चालत नाहीत’ असं कुणी सांगेल. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कृष्णन प्रकरणात तसं म्हटलं होतं खरं, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की खाजगी दूरसंचार कंपन्यांविरुद्धही ग्राहकाला आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे पुण्याला खेपा नकोत, नाशिकचा आयोग चालेल. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था तक्रार कशी लिहायची ते सांगतात.

वसुलीवाल्यांबद्दल. थकलेलं बिल हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस घरी येत नाहीत. फोन आला की नाव आणि एजन्सी विचारा, ‘लेखी तक्रार दाखल आहे, डॉकेट नंबर असा असा, यापुढे ईमेलवर बोला’ एवढं सांगून ठेवा. काही महिन्यांनी लोक अदालतीची नोटीस येण्याची शक्यता आहे. कोर्टाचं नाव पाहून घरातली ज्येष्ठ मंडळी घाबरून जागेवर पैसे भरतात, आणि त्याचाच मला फार राग येतो. ती दाखलपूर्व प्रकरणाची नोटीस असते. म्हणजे अजून दावा लागलेलाच नाही, आणि तुमच्या संमतीशिवाय तिथे काहीही ठरू शकत नाही. जा, कागद दाखवा, पटेल तरच तडजोड करा. सही मात्र विचार करून करा, कारण लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

सिबिलचं म्हणाल तर टेलिकॉम कंपन्या पतमाहिती कंपन्यांना थकबाकी कळवू शकतात, ती धमकी अगदी पोकळ नाही. चारही पतमाहिती कंपन्यांचा एकेक पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा मोफत मिळतो. अशी नोंद दिसली तर तिथेच वाद नोंदवा. तीस दिवसांत निपटारा झाला नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुमची डॉकेटसह लेखी तक्रार तिथे कामाला येते.

अनामत भरली असेल तर तीही मागा. खातं बंद झाल्यावर ४५ दिवसांत परत द्यायची असते. आणि ऑटो-पे चालू असेल तर बँकेच्या ॲपमधून तो आदेश आजच रद्द करा, नाहीतर वाद चालू असताना पैसे आपोआप जातील.

तुम्ही शेवटी विचारलंय की पत्नीचा पोस्टपेड नंबर पोर्ट करतानाही असंच करायचं का. नाही, तिथे वेगळं वागा. मुदत उलटलेलं बिल बाकी असेल तर पोर्टिंगचा कोडच मिळत नाही. आणि पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीचं शेवटचं बिल थकलं, तर ती नव्या कंपनीला सांगून नंबर बंद करवू शकते. बँकेचे ओटीपी, आधार, गॅसचं बुकिंग सगळं त्या नंबरावर आहे. म्हणून मोबाइलचं अंतिम बिल आलं की ‘हक्क राखून, निषेध नोंदवून भरत आहे’ असा ईमेल करा, पैसे भरा आणि मग त्याच दोन पायऱ्यांनी परत मागा.