'वाचलं आहे' की 'आहे वाचलं'? : डच भाषेतला लाल क्रम आणि हिरवा क्रम

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या डच शिकताहेत. 'मला माहीत आहे की माझ्या मुलानं ते पुस्तक वाचलं आहे' हे वाक्य त्यांनी असं लिहिलं : 'इक वेत दत मेइन झोन हत बूक खलेझन हेफ्त.' तिथल्याच शाळेत जाणारा मुलगा मात्र शेवटचे दोन शब्द उलटे करून 'हेफ्त खलेझन' म्हणतो. शिक्षिकेला विचारलं तर उत्तर आलं, दोन्ही चालतं. ताई विचारतात, दोन्ही चालतं म्हणजे काय? काहीतरी फरक असेलच ना?

प्रश्न मला फार आवडला, कारण तो मराठी कानाचा प्रश्न आहे. 'वाचलंय मी ते' आणि 'आहे वाचलेलं मी ते' यांतला फरक आपल्याला लगेच कळतो. दुसऱ्या वाक्यात ठसका आहे, कोणीतरी शंका घेतल्यावर दिलेलं उत्तर आहे. 'आहे' जागचं हललं की आपण अर्थ शोधायला लागतो. डच माणूस इथे तसं काही शोधत नाही. 'खलेझन हेफ्त' म्हणा, 'हेफ्त खलेझन' म्हणा, पुस्तक तेवढंच वाचलेलं असतं. शिक्षिका बरोबर आहेत, मुलगाही बरोबर आहे आणि ताईही.

ही निवड मिळते कुठे, ते आधी पाहू. साध्या मुख्य वाक्यात ती नाही. 'इक हेप हत बूक खलेझन' (मी ते पुस्तक वाचलं आहे) यात 'हेप', म्हणजे आपलं 'आहे'चं काम करणारं क्रियापद, दुसऱ्या जागी बसतं आणि 'वाचलेलं' थेट शेवटी जातं. बाकीचं वाक्य दोघांच्या मधे धरलेलं. डच व्याकरणात या रचनेला 'टांग' म्हणजे चिमट्याचं नाव आहे, आणि ते अगदी चपखल आहे. पण 'दत' (की), 'ओमदत' (कारण) असं काही आलं की चिमटा मिटतो, दोन्ही क्रियापदं वाक्याच्या शेवटी शेजारी येतात आणि मग आधी कोण हा प्रश्न उभा राहतो.

या दोन क्रमांना डच अभ्यासक 'लाल' आणि 'हिरवा' म्हणतात. अनिता पाउवेल्स यांनी १९५३ साली बोलींमधल्या या क्रमावर प्रबंध प्रसिद्ध केला. त्यातल्या नकाशांवर वापरलेले रंगच पुढे नाव म्हणून रूढ झाले. साहाय्यक क्रियापद आधी ('हेफ्त खलेझन') तो लाल, नंतर ('खलेझन हेफ्त') तो हिरवा. जर्मनमध्ये अशा ठिकाणी हिरवाच चालतो. डचच्या जवळच्या फ्रिजियन भाषेचा कलही तिकडेच, आणि नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या बोलींतही हिरव्याचा जोर आहे. बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागात बोलताना हिरवा जास्त ऐकू येतो, लिहिताना मात्र लाल पुढे येतो. हिरवा क्रम जर्मन वळणाचा वाटतो म्हणून लेखनात तो टाळा, असा सल्लाही काही जण देत आले. मला त्यात तथ्य वाटत नाही. हा क्रम डच बोलींमध्ये खोलवर रुजलेला आहे, तो शेजाऱ्याकडून उसना आणलेला नाही.

मग बोलणारा निवडतो कशावरून? थोडं प्रांतावरून, थोडं लय पाहून, आणि बरंचसं नुकतंच काय कानावर पडलं त्यावरून. हार्टसाउकर आणि वेस्टेनबर्ग यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं : आधीच्या वाक्यात जो क्रम आला, तोच पुढच्या वाक्यात येण्याची शक्यता वाढते, बोलतानाही आणि लिहितानाही. तेव्हा ताई, मुलगा शाळेतून लाल घेऊन येतोय यात नवल नाही.

अर्थाचा फरक पडतो अशी एक जागा मात्र आहे. 'खत्राउत' म्हणजे लग्न झालेला किंवा झालेली. 'दत झे खत्राउत इस' या हिरव्या क्रमात 'ती विवाहित आहे' असाही अर्थ निघतो आणि 'तिनं लग्न केलं' असाही. 'दत झे इस खत्राउत' म्हटलं की लग्न ही घटना पुढे येते. कारण डचमध्ये विशेषणाला अशा वाक्यात क्रियापदाच्या आधीच उभं राहावं लागतं, आणि हिरव्या क्रमात 'खत्राउत'ला विशेषण व्हायची मुभा मिळते. आपलं 'तिचं लग्न झालंय' आठवून पाहा. तेही ऐकणाऱ्याला दोन्ही सांगतं.

आता मराठी माणसासाठी खरी खाचखळग्याची जागा. 'की त्यानं ते पुस्तक वाचलं आहे' आणि 'दत हेइ हत बूक खलेझन हेफ्त' शब्दाला शब्द जुळतं, म्हणून हिरवा क्रम आपल्याला फुकट मिळतो. या सोयीवर विसंबून तिसरं क्रियापद आणलं की घसरायला होतं. 'तो वाचू शकला आहे' यात आपला क्रम वाचू, शकला, आहे. प्रमाण डचमध्ये नेमका आरशातला : 'हेफ्त कुनन लेझन', म्हणजे आहे, शकणे, वाचणे. त्यातही 'शकला'च्या जागी भूतकाळी रूप येत नाही, साधं 'कुनन' येतं. 'लेझन खकुन्त हेफ्त' असं मराठीवरून रचलं तर समोरचा थांबून विचारात पडेल. इथे रंग निवडायची सोय नाही.

पण तिसरं क्रियापद 'झल' (असेल) असलं तर पुन्हा मोकळीक मिळते. 'वाचलं असेल' यासाठी 'झल हेबन खलेझन' आणि 'खलेझन झल हेबन' दोन्ही आहेत. 'झल खलेझन हेबन' हा मधला प्रकार बेल्जियममध्ये विशेष ऐकू येतो. फोन करणे या अर्थाचं 'ओपबेलन' तर तुटूही शकतं : 'ओपखबेल्त हेफ्त', 'हेफ्त ओपखबेल्त' आणि 'ओप हेफ्त खबेल्त', तिन्ही बरोबर.

तेव्हा ताई, तुमचं वाक्य खोडू नका. फक्त 'हेफ्त कुनन लेझन' हे तीन शब्द एकसंध पाठ करा, आणि 'लेझन'च्या जागी रोज नवं क्रियापद घालून मुलाला ऐकवा.