आईची पाच मिनटं

"मॅडम, लिहायला बसलो की पोरीकडं दुर्लक्ष होतंय असं वाटतंय आणि पोरीजवळ बसलो की डोक्यात कादंबरीच चालू असते, मी धड आई पण नाही आणि धड लेखिका पण नाही."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पहिल्या अर्ध्या वाक्यातच कळतं. कुणाची कादंबरी असते, कुणाची पीएचडी, कुणाची चित्रं. पुरुष पण येतात, पण त्यांचं वाक्य "घरचे समजून घेत नाहीत" असं असतं, अपराधी वाटतंय म्हणून येतात त्या बहुतेक बायकाच. असो, तो वेगळा विषय.

ही शिवाजी पेठेतली (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). नवरा शिरोलीच्या फाउंड्रीत, घरात सासूबाई, मुलगी सात वर्षांची. कादंबरी चार वर्षं चाललेली, पानं एकशे दहा. पहिल्याच दिवशी म्हणाली, "ह्याच गावात वि. स. खांडेकर राहिले, १९७४ चं ज्ञानपीठ, मराठीतलं पहिलं, आणि मी बघा." मी म्हटलं, खांडेकरांना बाजूला ठेवूया, ते तुमच्या घरी डबे भरायला येणार नाहीत. तेव्हा पहिल्यांदा हसली.

सुरुवातीला मी चुकले, ते पण सांगते. तिला पहाटे चारला उठून लिही म्हटलं. आठवडाभर उठली, पण लाईट लागला की सासूबाई उठायच्या, मग चहा, मग पोरगी "आई कुठाय" करत बाहेर, आणि दिवसभर हिची चिडचिड. वेळ कमी पडतोय असं मी धरून चालले होते आणि अडचण तिथं नव्हतीच.

मग विचारलं, "लिहिताना पोरगी दार वाजवते तेव्हा काय सांगता?"

"पाचच मिनटं, आलो."

"आणि किती वेळानं येता?"

बराच वेळ गप्प. "कधी अर्धा तास. कधी दीड."

पुढच्या वेळी मुलीला घेऊन यायला सांगितलं. पोरगी खडू घेऊन जमिनीवर चित्र काढत बसली, मी सहज विचारलं, आई लिहिते ते आवडतं का गं? मान वर न करता म्हणाली, "आईची पाच मिनटं लई मोठ्ठी असतात. बाबाची शिफ्ट बरी."

"का गं?"

"ती तीनला सुटते."

आई रडायलाच लागली. मी पण दोन मिनिटं काही बोलले नाही, बोलण्यासारखं पोरीनं बोलून टाकलं होतं. बाबा सकाळी सातला जातो, आठ तास दिसत नाही, त्याबद्दल तिची तक्रार नाही. आई पलीकडच्या खोलीत आहे तर ती दारात बसून वाट बघते, कारण हे दार कधी उघडणार ते तिला ठाऊकच नाही.

मी विनिकॉटवाली, माझ्याकडं शिकायला येणारी पोरं त्यावरून चिडवतात पण चिडवू देत. या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञानं १९५८ सालीच मांडलंय की मूल एकटं रमायला शिकतं ते जवळ कुणीतरी खात्रीचं माणूस असतं म्हणून. त्यातला 'खात्रीचं' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. सतत मांडीवर घेऊन बसा असं कुणी म्हणत नाही, सहाला येते म्हटलं तर सहाला या. पंधरा वर्षांच्या कामात मला एवढं नक्की कळलंय की मुलं आईचं काम सहन करतात, आईची अंदाजपंचे वेळ सहन करत नाहीत.

मग आईची पण शिफ्ट ठरली, साडेचार ते सहा. त्या वेळेत भाजी, फोन, पाहुणे सगळं सासूबाईंकडं. त्या पहिल्यांदा कुरकुरल्या, पण 'शिफ्ट' म्हटल्यावर पटलं, 'लिहायला बसते' म्हटल्यावर चार वर्षं पटलं नव्हतं! रविवारी दोन तास करवीर नगर वाचन मंदिरात, १८५० पासूनची लायब्ररी गावात आहे तर वापरा की. सहाला वही मिटायची, पण उद्याचं पहिलं वाक्य अर्धं लिहून, म्हणजे डोकं आत अडकून राहत नाही. हे एवढ्यासाठी की नुसतं शरीर सहाला बाहेर येऊन उपयोग नाही, पोरांना ते लगेच कळतं. आणि तिथनं थेट दोघी चालत गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर, समोर धार काढलेलं फेसाचं दूध प्यायला.

कादंबरी अजून झालेली नाही, एकशे साठ पानं झालीत. परवा फोन आला, "मॅडम, काल सहा वीस झाले, पोरीनं दंड लावला."

किती, म्हटलं.

"दोन ग्लास जादा. आणि दोन्ही तिनंच प्यायले."